सोडलं

"ह्या पाठीवर काय आहे, सांगा," खाजगीवाले सर म्हणाले आणि त्यांनी तो कागद फळ्यावर टाचणीनं लावला.

पेन्सिलीनं काढलेलं चित्र होतं. एक लहान मुलगी, पुढून काढलेली, दोन वेण्या, हात पसरलेले. दोन्ही खांद्यांच्या वर, मानेमागून, एक चौकोन डोकावत होता. छातीवर एक फुली होती. पायाखाली जमीन नव्हती, नुसत्या आडव्या रेघा होत्या.

"दप्तर?" कुणीतरी म्हणालं.

"ही मुलगी शाळेत गेलीच नाही. दुसरं."

"ओझं, सर."

"बरोबर. ओझं." सरांनी खडू हातात घेतला. "मुलाला माणूस काढ म्हटलं की ते बहुधा स्वतःला काढतं. पाठीवर ओझं आहे, छातीवर फुली आहे, म्हणजे स्वतःला खोडलं आहे. पायाखाली आधार नाही. आणि हिचं तोंड उघडत नाही. पोलिसांनी विचारलं, विहिरीत बहिणीला कोणी टाकलं? तर एवढंच म्हणाली, 'म्या सोडली.' शब्द बघा. ढकललं नाही म्हणत, पडली नाही म्हणत. सोडलं! म्हणजे हातात होती. हातात होती आणि सोडली."

आम्ही एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. विषय गुन्हेगारीशास्त्र आणि मानसशास्त्र. विद्यापीठात हा अभ्यासक्रम नवा होता, त्यामुळे वर्गात आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होतो आणि पुढं काय करायचं हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. माझी मैत्रीण दिलशाद मुल्ला तुरुंग खात्याच्या परीक्षेला बसणार होती. दोघं फौजदार व्हायचं म्हणत होते. बाकीचे बँकेच्या जाहिराती कापून ठेवत. माझे वडील कराडला शिंपीकाम करत. मी विषय सांगितला तेव्हा ते मशीन थांबवून म्हणाले होते, "गुन्हेगारीचं शिक्षण? मंदे, ते तर बाजारात फुकट मिळतं की!" मग हसून पुन्हा मशीन चालवायला लागले. पण दर महिन्याला घरी गेले की एकदा तरी विचारायचेच, "हे शिकून माणूस लागतो कुठं?"

त्या महिन्यात मला त्यांना देण्यासारखं उत्तर मिळालं होतं. बाल न्यायालयानं सरांकडे हे चित्र काढणाऱ्या हौसाच्या प्रकरणात मत मागितलं होतं. सर त्यावर दिल्लीच्या परिषदेत निबंध वाचणार होते. निबंध गाजला तर विभागाला संशोधन साहाय्यकाची जागा मिळणार होती आणि सरांनी ती मला देऊ केली होती. हौसाला भेटून अहवाल तयार करण्याचं काम माझं होतं.

हौसा तेरा वर्षांची होती. तिच्या धाकट्या बहिणीचं नाव नकुशी. आमच्या भागात तेव्हा ही रीत होती. मुलगा हवा असताना मुलगी झाली तर तिचं नाव नकुशी ठेवायचं, म्हणजे देवाला कळतं, आता मुली पुरे. पहिली हौसेची, दुसरी नकोशी. नकुशी सहा वर्षांची होती. भर दुपारी, घरचे शेतात असताना, ती विहिरीत बुडाली. प्रेत काढलं तेव्हा अंगात नवा झगा होता, एका वेणीला लाल रिबन होती आणि दुसरी रिबन हौसाच्या मुठीत होती. वडील ट्रकवर, महिना महिना बाहेर. फिर्याद चुलत्यानं दिली.

"घरानं जिला नको म्हटलं," सर सांगत होते, "तिला ह्या मोठ्या मुलीनं घराच्या वतीनं नाहीसं केलं. तिला नटवलं, रिबनी बांधल्या. आणि एक रिबन जवळ ठेवली. काशीद, तुमचं काय मत?"

मी फुलीकडे बघत होते.

"सर, मला एकदा तिला पुन्हा भेटायचंय," मी म्हणाले.

"भेटा. पण सुनावणी सोमवारी आहे."

बाहेर आल्यावर दिलशाद म्हणाली, "काय गं, भूत बघितल्यासारखी काय बसली होतीस? सरांनी तुला नोकरी वाढून दिलीय ताटात. खा की गुमान."

"दिलशाद, तुला पोहता येतं?"

"मला? आमच्यात नळाला पाणी आलं तर ईद असते. का गं?"

मी तिला काही सांगितलं नाही, कारण माझी अजून खात्री नव्हती.

आमच्या आजोळी विहीर होती. पायऱ्यांची, मोठी, काळ्या दगडाची. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझे थोरले मामा सगळ्या पोरांना पोहायला शिकवत, मुलींनाही, आणि त्यावरून गाव त्यांना हसत असे. आधी पायरीवर बसून पाय मारायचे. मग पोटाखाली मामांचा हात. मग पाठीला रिकामा डबा बांधायचा, झाकण मेणानं बंद केलेला. डबा तरंगतो, तो पोराला बुडू देत नाही. असे कितीतरी दिवस जातात. आणि मग एका सकाळी मामा डबा सोडून ठेवत, पोराला पाण्यात घेत आणि हात काढून घेत. त्याला आमच्याकडे सोडणं म्हणतात. "आज मंदीला सोडली," असं मामांनी वर येऊन सांगितलं तेव्हा आजीनं माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या. पुढं नोकरीत मी कितीतरी मुलींना पोहायला शिकवलं, तेव्हा मामांचीच एक गोष्ट पाळली: डबा काढायची घाई करायची नाही. पोराचं अंग पाण्यात सैल पडलं की डबा आपोआप जड वाटायला लागतो, मग काढायचा.

दुपारी मी रिमांड होममध्ये गेले. अधीक्षक गाडेबाई दारातच भेटल्या.

"आलात? जा, मागच्या पडवीत आहे. पोरगी गुणाची आहे हो. सांगितल्याशिवाय कामाला लागते. पण बोलायचं म्हणाल तर दगडाला तोंड फुटेल, हिला नाही."

हौसा तांदूळ निवडत बसली होती. बारीक, काळीसावळी, केस आखूड कापलेले. तिथं उवांमुळं सगळ्यांचेच कापत. मी शेजारी बसले, सुपातले चार तांदूळ पुढं ओढले आणि खडे काढू लागले. बऱ्याच वेळानं मी विचारलं,

"डबा रॉकेलचा होता का गं?"

तिचं बोट तांदळात थांबलं.

"माझ्या पाठीला मामानं रॉकेलचा बांधला होता. आठ दिवस अंगाचा वास जाईना. माझी आई जवळ घेईना मला."

हौसानं माझ्याकडे बघितलं नाही. पण बोट पुन्हा फिरायला लागलं.

"त्येलाचा," ती म्हणाली. "त्येलाचा बरा."

"आणि छातीवर दोरीची फुली."

"फुली न्हाई घातली तर डबा मानंवर येतोय. त्वांड पाण्यात जातं."

"खरंय. माझं गेलं होतं."

ती किंचित हसली असावी. तेवढंच.

"म्हणजे तू तिला पोहायला शिकवत होतीस. आणि त्या दिवशी डबा काढून सोडलंस."

"व्हय. म्या सोडली." तिनं एक खडा लांब फेकला. "दोनदा आली पायरीपतुर. मला म्हनली, अजून एकदा. तिसऱ्या खेपंला हिरीच्या मधी वळली आन् भ्याली. म्या उडी टाकली. येणी घावली हातात. वडली तर रिबनच आली."

पडवीच्या पत्र्यावर कावळा नाचत होता.

"हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी इचारलं कुनी टाकली. म्या म्हनलं, म्या सोडली. तर चुलता म्हनला, आमच्या घरच्या पोरी पवत न्हाईत. ही खोटारडी हाय."

"पण तू पुढं बोलली असतीस तर..."

"फुडं इचारलं असतं ना, कशापायी शिकवत व्हतीस म्हून."

"कशापायी शिकवत होतीस?"

ती सूप पाखडायला लागली. निवडलेले तांदूळ पुन्हा पाखडले. मी थांबले. मुलांपुढं थांबता आलं पाहिजे, एवढं तरी मला त्या दोन वर्षांत कळलं होतं.

"हौसा, तुला पोहायला कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाई."

"मग?"

"पयल्या खेपंला आलं आपोआप."

मला आधी समजलं नाही. मग ती सांगू लागली, सूप पाखडता पाखडता, दुसऱ्या कोणाचं असावं तसं.

"नकुशी लई लहान व्हती तवा. आजीनं आईला लई बोल लावला व्हता. दुसऱ्या दिशी दुपारी आईनं आमास्नी न्हाऊ घातलं. माझ्या येण्या घातल्या, रिबनी लावल्या. मला वाटलं, कुटंतरी जायचंय. नकुशीला वट्यात घेतलं, माझा हात धरला आन् हिरीवर नेलं. म्या पायऱ्या उतरत व्हते, तर तिनं वरनंच, आमास्नी घिऊन..." तिनं सूप खाली ठेवलं. "मला खाली गार लागलं. मग म्या हातपाय मारले. पायरी घावली. म्या वरडले. माणसं आली, त्यांनी आईला आन् नकुशीला काढलं. घरात समदी म्हनली, पाय घसरला. आईबी म्हनली, पाय घसरला."

"आणि तू?"

"म्याबी."

तिनं हात झटकले. तांदळाचा कोंडा उडाला.

"आई पुन्यांदा ग्येली तर नकुशीला यायला पायजे व्हतं ना. मला येतंच."

आमच्या पुस्तकांत भावंडांच्या मत्सरावर एक अख्खं प्रकरण होतं.

"बाई," हौसा म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "पवायला शिकवत व्हते येवढंच सांगा. आईचं सांगू नका. तिला धरून नेतील. आन् मला घरी सोडा."

"घरी? पुन्हा तिनं तसंच काही केलं तर?"

"मला येतंय की पवायला. तिला न्हाई येत. म्या नसले तर तिला कोन काढंल?"

मी तिचा हात धरला. तो कोंड्यानं खरखरीत झाला होता.

"हौसा, मी तुला खोटं सांगणार नाही. हे मला सांगावं लागणार. तू तेरा वर्षांची आहेस. आईला विहिरीतून काढायचं काम तुझं नाही. ते मोठ्या माणसांनी करायचं."

"मोठी मानसं?" ती म्हणाली. "ती म्हनली, पाय घसरला."

तिनं हात सोडवून घेतला, सूप उचललं आणि पाठ करून बसली. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढंही कधी नाही.

संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. ते निबंधाचा कच्चा खर्डा तपासत होते. मी सगळं सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी ते चित्र टेबलावर ओढून घेतलं आणि छातीवरच्या फुलीवरून बोट फिरवलं.

"मी क्लबच्या तलावात शिकलो पोहायला," ते म्हणाले. "तिथं रबराची ट्यूब होती."

"हो, सर."

"म्हणजे ह्या रेघा पाणी आहेत."

"हो."

"आणि हे तिनं स्वतःला काढलेलंच नाही." मग खर्ड्याची पानं नीट जुळवून त्यांनी खणात टाकली. "काशीद, निबंध नाही म्हणजे जागाही नाही. रागानं सांगत नाही. विभागाकडे दाखवायला दुसरं काही नाहीच आहे."

"माहीत आहे, सर."

"अहवाल लिहा. सही मी करीन. आईचं लिहिणार?"

"लिहिणार."

"लिहिलंत तर ती मुलगी तुमच्याशी पुन्हा बोलायची नाही. हे आपल्या कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून सांगून ठेवतो."

"तिनं आत्ताच बंद केलंय, सर," मी म्हणाले.

सोमवारी रिमांड होमच्या सभागृहात न्यायालय भरलं. सभागृह कसलं, प्रार्थनेचीच खोली, तिथं एक टेबल ठेवलं होतं. न्यायाधीशबाई वयस्क होत्या, चष्मा नाकावर घेऊन बोलणाऱ्या. एका बाकावर चुलता, पांढरी टोपी, हातात टॉवेल. दुसऱ्या बाकाच्या टोकाशी हौसाची आई, अनुसयाबाई. मी त्यांना प्रथमच बघत होते. माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. हौसा टेबलासमोर उभी होती आणि फरशीकडे बघत होती.

मी अहवाल वाचला. डब्याशी आले तसा चुलता उठला.

"पवायला? बाईसाहेब, ही शिकल्याली बाई काय बी बोलती. आमच्या घरात पोरी हिरीत उतरत न्हाईत."

"खाली बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तुमचं ऐकून झालंय माझं. मुली, तू बहिणीला पोहायला शिकवत होतीस?"

हौसानं होकाराची मान हलवली.

"कशासाठी?"

तिची नजर पुन्हा फरशीकडे गेली. न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मी शेवटचं पान वाचलं. पहिल्या वेळचं, आईनं विहिरीवर नेलं होतं त्याचं.

"पाय घसरला व्हता तवा!" चुलता ओरडला. "साऱ्या गावाला ठावं हाय."

अनुसयाबाईंची बोटं पदरात तशीच थांबली.

निकालाचं आधी सांगून टाकते. हौसाला दोष लागला नाही. पण घरीही सोडलं नाही. वर्षभर संस्थेतच ठेवून घेतलं आणि शाळेत घातलं. अनुसयाबाईंना पोलिसांनी नेलं नाही. न्यायाधीशबाईंनी त्यांना जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवलं, तिथं औषधं सुरू झाली. वर्षानं मायलेकी अनुसयाबाईंच्या भावाच्या गावी राहायला गेल्या. दुष्काळी गाव, विहिरी आटलेल्या, पाणी टँकरनं यायचं. तोवर मला त्याच संस्थेत परिविक्षा अधिकाऱ्याची, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरची, हंगामी जागा मिळाली होती. वडिलांना उत्तर मिळालं, "हे शिकून माणूस लागतो कुठं" त्याचं. निघताना हौसा गाडेबाईंच्या पाया पडली, स्वयंपाकीणबाईंच्या पडली, सगळ्या मुलींना भेटली. मी दारातच उभी होते. माझ्याजवळून ती तशीच गेली.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी, मी शेवटचं पान खाली ठेवलं तेव्हा अनुसयाबाई उठल्या. शिपाई पुढं झाला, तर न्यायाधीशबाईंनी त्याला हातानं थांबवलं. अनुसयाबाई लेकीसमोर येऊन उभ्या राहिल्या. आम्ही कोणी तिथं नव्हतोच जणू.

"किती शिकली व्हती गं?" त्यांनी विचारलं.

"डब्यासंगट साऱ्या हिरीला फेरा मारायची," हौसा फरशीकडे बघत म्हणाली.

"आन् बिनडब्याची?"

"त्याच दिशी पयल्यांदा. दोनदा आली नीट."

"भ्याली न्हाई?"

"न्हाई. हसत व्हती."

अनुसयाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पुन्हा काढला.

"मग येवढ्यात कशापायी काढलास डबा, हौसे? ऱ्हाऊ द्यायचास की अजून चार दिस. कसली घाई व्हती?"

हौसानं मान वर केली. आईच्या तोंडाकडे बघितलं.

"तू सकाळी आमच्या येण्या घातल्यास," ती म्हणाली. "रिबनी लावल्यास. नवं झगं घातलंस. म्हनून."

अनुसयाबाईंचा हात लेकीच्या डोक्याकडे गेला. तिथं वेण्या नव्हत्या, नुसते आखूड कापलेले केस होते. हात तसाच वर राहिला.

"आगं, मामा येनार व्हता त्या दिशी," त्या म्हणाल्या. "आपल्याला न्यायला. कायमचं. घरच्यांस्नी कळू नये म्हून तुला सांगितलं न्हाई."